फुजी रॉकला निघालात? आधी पावसाची आणि पोटाची सोय बघा

प्रश्न: मी (वय २५) आणि माझी बहीण (वय १९) जुलैअखेर जपानच्या फुजी रॉक संगीत महोत्सवाला जाणार आहोत. तीन दिवसांची तिकिटं आणि तंबूच्या मैदानाची तिकिटं काढून झाली, व्हिसा बाकी आहे. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं, मासे अजिबात नाहीत. तंबूत कधी राहिलेलो नाही. एक मित्र म्हणतो, जेआरचा (जपान रेल्वेचा) सात दिवसांचा पास घ्या. आईचा आग्रह आहे की छत्री, छोटा कुकर आणि डाळ-तांदूळ बरोबर न्यावेत. काय न्यावं, काय टाळावं आणि माणूस नेमका कुठे फसतो, ते सांगाल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: आईंनी सांगितलेल्या तिन्ही वस्तू घरीच ठेवा. पण त्यांना ज्या दोन गोष्टींची काळजी आहे, म्हणजे पाऊस आणि पोट, त्यांच्यावरच तुमचे तीन दिवस बरे की वाईट ते ठरणार आहे. बाकी सगळं तिथे इतकं शिस्तीत चालतं की फारसं बिघडत नाही.

आधी जागेचा खुलासा, कारण नाव फसवं आहे. हा महोत्सव फुजी पर्वताजवळ होत नाही. १९९७ मध्ये पहिला महोत्सव तिथे पायथ्याशी भरला, वादळाने झोडपला गेला आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. १९९८ मध्ये तो टोकियोत झाला आणि १९९९ पासून निगाता प्रांतातल्या नाएबाच्या डोंगरउतारावर, हिवाळ्यात जिथे स्कीइंग चालतं तिथे, भरतो. फुजीजवळ हॉटेल घेऊन ठेवलं असेल तर आजच रद्द करा.

व्हिसाची घाई करू नका आणि उशीरही करू नका. एकदा प्रवेशाचा पर्यटन व्हिसा दिल्या तारखेपासून तीन महिने चालतो, त्या मुदतीत जपानमध्ये उतरावं लागतं. मार्चमध्ये उरकून टाकलात तर जुलैपर्यंत तो संपलेला असेल. मेअखेर ते मध्य जून हा अर्जाचा योग्य काळ. बडोदेकरांना अहमदाबादचं अर्जकेंद्र जवळ पडतं. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता द्यावा लागतो. त्यात महोत्सवाच्या रात्रींसमोर सरळ ‘नाएबा, तंबू’ लिहा आणि दोन्ही तिकिटांच्या प्रती जोडा. रिकाम्या रात्री भरायला खोटं हॉटेल आरक्षण जोडण्याचा सल्ला काही एजंट देतात, तो ऐकू नका. बहीण शिकत असेल तर कॉलेजचं बोनाफाईड लागेल. तिचा खर्च जो करणार असेल त्याचं हमीपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रही लागेल. ई-व्हिसा मिळाला तर विमानतळावर तो इंटरनेट चालू ठेवून मोबाइलवर उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही, म्हणून चेक-इनच्या रांगेत डेटा संपलेला नको.

आता मित्राचा पास. नाएबासाठी उतरायचं स्टेशन एचिगो-युझावा, टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने सुमारे ८० मिनिटांवर आहे. एका बाजूचं भाडं साधारण ७ हजार येन, म्हणजे जाऊन-येऊन १४ हजार. देशभर चालणारा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीत ५० हजार येनवर गेला. त्याच आठवड्यात क्योतोला जाऊन आलात तरी वर साधारण २८ हजार, एकूण ४२ हजार. हिशोब जुळत नाही. टोकियोभोवतीचा तीन दिवसांचा पास युझावापर्यंत चालतो, पण तो सलग तीन दिवसांचा असतो आणि तुम्ही गुरुवारी जाऊन सोमवारी परतणार. सुटी तिकिटंच काढा. गाडी ‘तोकी’ किंवा ‘तानिगावा’ असेल, ती एचिगो-युझावाला थांबते ना एवढं बघून घ्या. वाचलेल्या पैशांत चांगलं रेनकोट-जाकीट आणि बुधवारी रात्रीची टोकियोतली खोली बसवा. या दोन गोष्टींवर कंजुषी करू नये असं आमचं ठाम मत आहे.

बुधवारची खोली का? महोत्सव शुक्रवारी सुरू होतो, पण तंबूचं मैदान गुरुवारी दुपारपासून उघडतं आणि सपाट जागा त्याच दुपारी संपतात. शुक्रवारी सकाळी पोचणाऱ्याला उतारच मिळतो आणि रात्रभर झोपेत तंबूच्या खालच्या टोकाला घसरत राहावं लागतं. म्हणून बुधवारी मुक्काम टोकियोत, गुरुवारी सकाळची गाडी, बाराच्या आत युझावा. पुढे स्टेशनपासून शटल बस, साधारण ४०-५० मिनिटं. तिचं भाडं महोत्सवाच्या तिकिटात नसतं, त्यासाठी रोख येन हाताशी ठेवा. मोठ्या सुटकेसा टोकियोच्या हॉटेलातच ठेवून जा. त्याच हॉटेलात परतणार असाल तर बहुतेक हॉटेलं त्या सांभाळतात. युझावा स्टेशनवरच्या लॉकरवर भिस्त ठेवू नका, त्या आठवड्यात ते लवकर भरतात. गुरुवारी संध्याकाळी पूर्वसंध्येचा कार्यक्रम असतो, बोन ओदोरीचं सामूहिक नृत्य आणि आतषबाजी. त्याला तिकीट लागत नाही.

पाऊस. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्या सुमाराला तिथला पावसाळी मोसम नुकता सरलेला किंवा सरत आलेला असतो आणि डोंगरात दुपारनंतर ढग चढतात. तीनही दिवस कोरडे गेले तर नशीब समजा. बडोद्याच्या जुलैत भिजलं तर उलट बरं वाटतं, पण तिथे ओल्या कपड्यांत रात्र झाली आणि पारा १५ अंशांजवळ आला की दातावर दात वाजतात. नवखा माणूस आजारी पडतो तो बहुधा त्या ओल्या रात्रीमुळे.

छत्री न नेण्याचं कारण असं की रंगमंचासमोरच्या गर्दीत ती उघडायला मनाई असते. मागच्याला दिसत नाही आणि काड्या डोळ्यात जातात. दहा-वीस रुपयांचा पातळ प्लास्टिकचा पोंचोही नको, वाऱ्याने तो पहिल्या तासात फाटतो. हवं ते असं: किमान १० हजार मिलिमीटर जलरोधाचं (पाणी अडवण्याच्या क्षमतेचं हे माप) जाकीट, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेलं, टोपीला ओढायची दोरी असलेलं. त्याच जातीची पँट पण हवीच. वर जाकीट आणि खाली जीन्स ही जोडी सर्वांत वाईट, कारण जीन्स मांडीपासून पाणी शोषते आणि दोन दिवस वाळत नाही. खरेदी झाली की घरी मोरीत उभं राहून दहा मिनिटं डोक्यावर शॉवर सोडा. गळणारी शिवण इथेच कळलेली बरी.

पायात गमबूट. पोटरीपर्यंतचे, घोट्यापर्यंतचे नकोत. तिथे महोत्सवाला जाणाऱ्यांत ‘वाइल्ड बर्ड सोसायटी ऑफ जपान’ या पक्षिनिरीक्षकांच्या संस्थेचे गुंडाळून पिशवीत मावणारे रबरी बूट फार लोकप्रिय आहेत. पोटरीवर आवळायची पट्टी असते आणि वजन हलकं. टोकियोत मिळाले तर तिथेच घ्या, म्हणजे बडोद्यापासून बुटांचं ओझं नको. पायाच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, कारण आत जाड मोजे घालायचे आहेत. रोजचे दोन जोड मोजे धरा. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड वेगळ्या जलरोधक पिशवीत बांधा आणि काहीही झालं तरी तो जोड बाहेर घालू नका. अंग भिजलं तरी चालेल, पण रात्रीचा हा संच कोरडाच राहिला पाहिजे. पासपोर्ट झिपच्या पाऊचमध्ये गळ्यात, जाकिटाच्या आत. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा तिथे कायदा आहे, म्हणून तंबूत ठेवून निघू नका.

तंबूबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा पहिलाच. दोघांसाठी ‘तीन माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू घ्या, कंपन्या माणसं खांद्याला खांदा लावून मोजतात. बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत येणारं हवं. घराच्या गच्चीवर निदान दोनदा उभारून बघा, त्यातला एकदा अंधारात टॉर्च लावून. गच्चीवर खुंट्या ठोकता येणार नाहीत, त्यासाठी कमाटी बागेत नाही तर एखाद्या मित्राच्या शेतात सराव करा. खुंटी जमिनीत तिरकी जाते, डोकं तंबूपासून दूर कललेलं. उभी ठोकली तर ओल्या मातीतून ती वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला सुटते. ताणाच्या दोऱ्या संध्याकाळी पुन्हा आवळा. नायलॉनचं कापड भिजलं की सैलावतं, बाहेरचं आवरण आतल्या कापडाला चिकटतं आणि तिथून पाणी झिरपायला लागतं. लोक म्हणतात तंबू गळतो, पण बहुतेक वेळा दोरी सैल असते.

तळाखाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर आतच राहिलं पाहिजे. ते बाहेर डोकावलं तर आवरणावरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून तुमच्या पाठीखाली येतं. नवखे ही चूक हमखास करतात, कारण मोठं प्लास्टिक जास्त सुरक्षित वाटतं. जागा निवडताना खोलगट नको आणि उतारावरून पाण्याची चर उतरत असेल तिच्या वाटेतही नको. उतारच वाट्याला आला तर डोकं वरच्या बाजूला करून झोपा. झोपायच्या पिशवीखाली फोमची चटई हवीच, गारवा खालून चढतो. आणि डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या. तिथे त्या दिवसांत पाचच्या आत उजाडतं आणि ऊन असेल तर सातपर्यंत तंबूची भट्टी होते. रात्री दोनला झोपलेल्याला हे फार जाचतं.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, आणि तंबूत प्लगही नाही. शिवाय जपानची वीज १०० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा कुकर तिथे नुसता कोमट होईल. म्हणून कुकर घरी. डाळ-तांदळाचं कारण वेगळं. कच्चं धान्य, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या यांना जपानमध्ये वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो, तो नसेल तर विमानतळावर काढून घेतात. जुलैत घरात उरलेला केसर आंबाही त्यात आला. चालतात त्या शिजवून, भाजून किंवा तळून पॅक केलेल्या वस्तू. ठेपले आणि दशम्या पहिल्या दोन-तीन दिवसांना पुरतात, पण दमट तंबूत चौथ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून त्या आधी संपवा. त्यानंतर कोरडा चिवडा, तिखटमिठाच्या कडक पुऱ्या, गुळपापडी, शेंगदाण्याची चटणी, मेथकूट. बडोद्याचा लिलो चिवडा नको, तो ओलसर असतो आणि वास धरतो. भाकरवडी चालेल. दोघांना मिळून तीन किलो पुरे. हे पूर्ण जेवण म्हणून नेऊ नका, जेवण हुकलं तर आधार म्हणून न्या. मेथकूट सर्वांत उपयोगी, कारण नुसता पांढरा भात तिथे कुठेही मिळतो.

तिथल्या शाकाहाराची अडचण मांसाची कमी आणि ‘दाशी’ची जास्त. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या कातळ्यांपासून काढलेलं पाणी. नूडल्सचं सूप, मिसो सूप, भाज्यांचे रस्सेदार पदार्थ, टेम्पुराबरोबरची बुडवायची चटणी, सगळ्यांत ते असतं. विकणाऱ्याला विचारलं की ‘यात मांस आहे का?’ तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. म्हणून प्रश्न बदला: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस्.’ मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. हे वाक्य जपानी लिपीत छापून कार्ड जवळ ठेवा, गाण्याच्या गोंगाटात उच्चार कुणाला कळणार! भाताच्या गोळ्यांत, ओनिगिरीत, नुसत्या मिठाचा सर्वांत निर्धोक. उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, बहुधा चालतो, पण काहींत माशाचा कीस मिसळलेला असतो. जपानी पद्धतीच्या ‘व्हेज करी’च्या तयार मसाल्यात बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. थाई स्टॉलवर माशाचा सॉस. महोत्सवात खाण्याचे स्टॉल भरपूर असतात. आतल्या बाजूच्या ‘फील्ड ऑफ हेवन’ परिसरात शाकाहारी पदार्थ मिळण्याची शक्यता जास्त. पिझ्झा, भाजलेला मका, बटाट्याच्या काचऱ्या, नान आणि डाळ यांवर भागतं. रात्री बारानंतर पर्याय कमी होतात, तेव्हा आठच्या सुमाराला पोटभर खाऊन घ्या.

औषधांत एक धोका आहे आणि तो आपल्याकडच्या साध्या सर्दीच्या गोळ्यांत आहे. ज्या औषधात स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त ते जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही टाळा. औषध दुकानदाराकडून वेष्टनावरचे घटक वाचून घ्या. नेहमीची औषधं मूळ पाकिटात आणि एका महिन्याला पुरतील एवढीच. भांग घातलेली कुठलीही वस्तू, थंडाई-मसाल्यापासून गोळीपर्यंत, बॅगेत चुकूनही नको. डिसेंबर २०२४ पासून तिथे गांजाचं सेवन हाही स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पकडल्यावर प्रवासी म्हणून सूट मिळत नाही. बहिणीसाठी: जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय १८ झालं असलं तरी दारूचं वय २० आहे आणि ओळखपत्र तपासतात. गुजरातची दारूबंदी मागे टाकून निघालात तरी तिने यंदा लिंबूपाणीच प्यावं.

आत फिरायचं कसं? मुख्य प्रवेशानंतर ग्रीन स्टेज, पुढे व्हाइट स्टेज, त्याही पुढे फील्ड ऑफ हेवन, सगळं एका रेषेत झाडीतून जातं. टोकापासून टोकापर्यंत मोकळ्या वाटेने २०-३० मिनिटं, मोठा कार्यक्रम संपल्यावर त्याच्या दुप्पट. दोन कलाकारांमध्ये दहा मिनिटांचं अंतर दिसलं की ‘दोन्ही बघू’ म्हणू नका. एकाची शेवटची दोन गाणी सोडून निघा किंवा दुसऱ्याची पहिली सोडा. लाकडी फळ्यांची वाट पावसात निसरडी होते, पण गर्दीतून सुटकेचा उत्तम मार्ग तोच. ड्रॅगोंडोला ही साडेपाच किलोमीटरची गोंडोला (रोपवे) वेगळ्या तिकिटाची आहे. वारा वाढला की बंद करतात, त्यामुळे तिच्यासाठी पहिली उघडीप असलेली सकाळ वापरा, रविवारवर ढकलू नका.

कलाकारांचं चित्रीकरण करायला मनाई आहे. फोन खिशात ठेवा, बॅटरीही वाचेल. घडीची खुर्ची नेलीत तर चालताना ती मिटलेलीच असली पाहिजे. काचेच्या बाटल्या, पेयांचे पत्र्याचे कॅन आणि बाहेरची दारू आत नेता येत नाही. कचरा प्रकारवार वेगळा करून टाकायचा असतो. बाटलीचं झाकण वेगळं, वेष्टन वेगळं, बाटली वेगळी, आणि तिथे उभे असलेले स्वयंसेवक शांतपणे पुन्हा करायला लावतात. ओढ्याकाठी बसाल तर उघड्या पोटऱ्यांना किडे पळवणारं मलम लावा. तिथली ‘बुयो’ ही बारीक माशी चावली की दोन दिवस पाय सुजतो, डास परवडले.

आंघोळीसाठी शॉवरच्या रांगा असतात. गरम झऱ्याचं सार्वजनिक स्नानगृह पैसे देऊन वापरता येतं, पण तिथे कपड्यांशिवाय उतरावं लागतं आणि पाण्यात शिरण्याआधी बाहेर बसून साबणाने अंग धुवावं लागतं. संकोच असेल तर ओल्या रुमालांची पाकिटं न्या, तीन दिवस निभतात.

परतीला सोमवारी सकाळी सात ते अकरा शटलची रांग सर्वांत लांब असते. सहाला उठून तंबू गुंडाळा, नाहीतर दुपारी बारानंतरच निघा. मधला पर्याय म्हणजे उभ्याने ऊन खाणं. शिंकान्सेनची जागा सवलतीच्या तिकिटावर राखून ठेवू नका, तशी गाडी चुकली तर पैसे बुडतात. साध्या आरक्षित तिकिटावर त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत अनारक्षित डब्यात बसता येतं. विमान सोमवारचं घेतलं असेल तर बदलून मंगळवारचं करा. टोकियोतल्या हॉटेलात ओला तंबू न्हाणीघरात पसरून रात्रभर वाळवा, कारण घडी घातलेला ओला तंबू बॅगेचं वजन दोन-तीन किलोंनी सहज वाढवतो आणि मुंबई किंवा दिल्ली येईपर्यंत कुबट वास धरतो.